जुन्या चुन्याचा जबाब : वाड्याच्या भिंतीतला माल कसा तपासायचा

पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्याचं काम करताना मी पहिल्यांदा जुन्या चुन्याच्या मालाचं पृथक्करण केलं, आणि ते साफ चुकलं. आम्लात नमुना विरघळवला, जे विरघळलं तो चुना धरला, जे उरलं ती वाळू धरली आणि प्रमाण काढून दिलं. त्या प्रमाणात कालवलेला माल दर्ज्यांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, भरला. महिन्याभरात त्यावर केसासारख्या तडा पडल्या. चुना फार झाला होता. गवंडीकाका तडांवरून बोट फिरवत म्हणाले, "ताई, हा माल तुपकट झालाय. जुना असा नव्हता."

काकांचं बोट बरोबर होतं, माझा तराजूही बरोबर होता. हिशेब मात्र परदेशी पुस्तकातला होता, आणि त्या पुस्तकातली वाळू गारगोटीची होती. आपल्या दख्खनची वाळू काळ्या पाषाणाची. तीही आम्लात थोडीफार विरघळते. तेव्हापासून मी कामाचा जो क्रम धरला आहे तो इथे देते. घरच्या वाड्याची दुरुस्ती काढलेल्यांना, तरुण वास्तुविशारदांना आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना त्यातलं निम्मं काम स्वतः करता येईल. उरलेलं प्रयोगशाळेकडून नेमकं काय मागायचं तेवढं कळलं तरी पुरे.

आधी प्रश्न, मग छिन्नी

तपासणी कशासाठी करायची आहे ते एका वाक्यात लिहून काढा. "दर्जा भरायला जुन्याशी जुळणारा माल हवा" हा एक प्रश्न झाला. "ही भिंत दोन वेगवेगळ्या काळांत बांधली का?" हा वेगळा, आणि "गिलावा का सुटतोय?" हा तिसरा. पहिल्याला वाळूची चाळणी आणि चुन्याचा प्रकार कळला की भागतं. दुसऱ्याला अनेक जागांचे नमुने लागतात, पण प्रत्येकाची सखोल तपासणी लागत नाही. तिसऱ्याला बहुतेक वेळा माल नाही, क्षार आणि पाणी तपासावं लागतं. प्रश्न न ठरवता "सगळ्या टेस्ट करून टाका" म्हणणाऱ्याच्या हाती आलेखांची जाडजूड फाइल येते, आणि गवंडी पाटी घेऊन उभाच राहतो.

इमारत संरक्षित असेल तर परवानगीशिवाय कणही काढता येत नाही. केंद्राच्या यादीतल्या स्मारकांना १९५८ चा कायदा लागू आहे, राज्याच्या यादीतल्यांना १९६० चा. "चमचाभरच घेतो" ही सबब तिथे चालत नाही.

नमुना घेणे

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि इथली चूक पुढचं कुठलंही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

भिंतीचा बाहेरचा थर सोडा. पावसाने धुतलेला, मागाहून दर्जा भरलेला, सिमेंटने लिंपलेला असा तो थर असतो. निदान चार-पाच सेंटीमीटर आत जा. जिथे दगड आधीच निखळला आहे, खिडकीची चौकट काढली आहे किंवा पोटभिंत पडली आहे, तिथून घ्या म्हणजे नवी जखम होत नाही. ड्रिल वापरू नका. त्याने वाळूचं पीठ होतं आणि चाळणीला अर्थ उरत नाही. हलकी हातोडी आणि धारदार छिन्नी पुरते.

एका जागेचे दोन भाग करा. अक्रोडाएवढा एक सलग तुकडा सूक्ष्मदर्शकासाठी, आणि ५० ते १०० ग्रॅम चुरा-तुकडे बाकीच्या चाचण्यांसाठी. कामाप्रमाणे नमुने वेगळे ठेवा. जोडकामाचा माल, दर्ज्यातला, गिलाव्याचा खालचा थर, वरचा गुळगुळीत थर, गच्चीचा कोबा ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत; एका पिशवीत कोंबली तर कुणाचाच जबाब ऐकू येत नाही. पिशवीवर कुठल्या खोलीतला, दिशा, जमिनीपासूनची उंची, किती सेंटीमीटर आतून घेतला आणि तारीख लिहा. काढण्याआधी आणि काढल्यावर, शेजारी पट्टी धरून, फोटो घ्या.

वाड्यांच्या बाबतीत एक लक्षात असू द्या. दर्शनी भाग चुन्यात असला तरी आतलं जोडकाम मातीत असू शकतं, आणि वरच्या मजल्यांना पांढऱ्या मातीच्या भिंती असतात. बाहेरून चुना दिसला म्हणून भिंत चुन्याची ठरवू नका.

डोळा, नख आणि दहापट भिंग

तुकडा ताजा मोडा आणि मोडलेली बाजू भिंगाखाली धरा. मी या पायरीला अर्धा दिवस देते. नवीन मुलांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. त्यांना आम्ल ओतायची घाई असते.

रंग पाहा. पांढरा किंवा दुधाळ असेल तर शुद्ध चुना, पिवळट-राखाडी असेल तर बहुधा कंकराचा (मातीत सापडणाऱ्या चुनखड्यांचा), गुलाबी असेल तर सुरखी (भाजलेल्या विटेची पूड), काळसर असेल तर कोळशाची राख किंवा नुसतीच काळ्या पाषाणाची बारीक वाळू. नखाने ओरखडा. नखाला पीठ लागतंय की नखच झिजतंय? पाण्याचा थेंब टाका आणि तो किती वेळात शोषला जातो ते बघा.

वाळूचे कण गोल आहेत की कोनेदार? गोल कण ओढ्या-नदीचे, कोनेदार कण फोडलेल्या दगडाचे किंवा घाणीत (चुना दळायच्या बैलचक्कीत) भरडलेल्या मालातले. विटेचे लाल कण, शिंपल्याचे थर असलेले तुकडे, कोळशाचे ठिपके, तागाचे धागे, भाताचा तूस हे सगळं याच वेळी दिसतं. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडले ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. त्या ओळखीची सुरुवातही गिलाव्यातून तंतू वेगळे काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरण्यापासूनच झाली.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. मोडलेल्या बाजूवर पांढरे, मऊ, वाळूचा कणही नसलेले खडे दिसतात का ते शोधा. मोहरीएवढे, कधी हरभऱ्याएवढे. नीट न मिसळलेल्या चुन्याच्या या गाठी असतात. घाणीत बैल फिरवून दळलेल्या मालात त्या कमी आणि बारीक असतात. फावड्याने कालवलेल्या किंवा कळीचा (भाजलेला, न विझवलेला) चुना वाळूतच विझवून केलेल्या मालात भरपूर असतात. त्या वाड्यातल्या खड्यांकडे बघूनच काका म्हणाले होते, "हा घाणीचा नाही, फावड्याचा माल आहे."

हा खडा म्हणजे वाळूची भेसळ नसलेला जुना चुना, दोन-तीनशे वर्षं भिंतीत जपून ठेवलेला. सुईने असे पाच-पंचवीस खडे टिपून वेगळ्या कुपीत ठेवा. पूर्ण माल तपासताना वाळू दिशाभूल करते; खड्याला तो दोष लागत नाही. मात्र अर्धवट भाजलेला चुनखडीचा तुकडाही पांढरा दिसतो. तो नखाने ओरखडला जात नाही, खडा ओरखडला जातो.

टेबलावरच्या चार झटपट चाचण्या

ताज्या मोडीवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गडद गुलाबी रंग आला तर आत अजून हवेशी न जुळलेला चुना आहे, किंवा सिमेंट आहे. जाड भिंतीच्या पोटात जुन्या चुन्यालाही गुलाबी रंग येऊ शकतो, म्हणून यावरून घाईने सिमेंट ठरवू नका. सिमेंटची शंका असेल तर सूक्ष्मदर्शकाकडे न्या. क्लिंकरचे, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या मूळ मालाचे, न भिजलेले कण तिथे लपत नाहीत. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, आणि पोरबंदरच्या कारखान्यातून माल निघू लागला १९१४ साली. त्यामुळे पेशवाईतल्या भिंतीत क्लिंकर सापडला तर तो माल दुरुस्तीचा, हे नक्की.

दुसरी चाचणी जिप्समची. चुऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून गाळा आणि गाळलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब सोडा. पांढरा साका आला तर सल्फेट आहे. तो मुळातला जिप्सम, की शेजारच्या सिमेंटमधून आणि धुरातून आलेला क्षार, हे नमुना किती खोलवरचा आहे त्यावरून ठरवायचं. बेरियमचे क्षार विषारी आहेत, हातमोजे घाला. तिसरी, क्लोराइडची: चुरा शुद्ध पाण्यात ढवळून गाळा, नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाका. इथेही पांढरा साका बघायचा. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या कामात ही चुकवू नका.

चौथी पिष्टासाठी, आयोडिनची. निळा-जांभळा रंग आला तर खळ किंवा धान्य घातलं असण्याची शक्यता. शक्यताच, कारण कीटक, बुरशी आणि कागद चिकटवायची खळ यांनीही तोच रंग येतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद, मेथी यांची नावं प्रत्येक जुन्या इमारतीबरोबर सांगितली जातात. त्यातला गूळ पाण्यात विरघळणारा. शंभर पावसाळ्यांनंतर तो सापडला नाही म्हणजे घातलाच नव्हता असं नाही, आणि ऐकीव माहितीवरून तो होताच असंही लिहू नये. सेंद्रिय पदार्थांचा खरा शोध घ्यायचा तर गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते.

आम्लाचा हिशेब, आणि त्यातली मेख

चुरा लाकडी मुसळाने किंवा रबराच्या हातोडीने हळू मोकळा करा, वाळू फुटू देऊ नका. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. जिप्सम निघाला असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नका, नाहीतर त्यातलं पाणी उडेल आणि वजनच बदलेल.

२० ग्रॅम नमुना घ्या. एक भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग पाण्यात घालून साधारण १० टक्क्यांचं द्रावण करा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा, हातमोजे आणि उघडी खिडकी हवी. असं सुमारे २०० मिलिलिटर लागेल. नमुन्याचं चंचुपात्र आणि आम्लाचं भांडं दोन्ही एकत्र तराजूवर ठेवून वजन लिहा. मग थोडं थोडं आम्ल सोडा, कारण फेस उतू जातो. फसफस थांबल्यावरही पंधरा-वीस मिनिटं हलवत राहा, म्हणजे पाण्यात अडकलेला वायू निघून जाईल. दोन्ही भांडी परत तराजूवर ठेवा. जेवढं वजन घटलं तेवढा कार्बन डायऑक्साइड गेला. शेजारी नुसत्या पाण्याचं एक पात्र ठेवून बाष्पीभवनाने किती घटलं ते वजा करा. मग गाळा, धुवा, वाळवा आणि उरलेल्याचं वजन करा.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. २० ग्रॅममधून ११.२ ग्रॅम उरलं. म्हणजे ८.८ ग्रॅम विरघळलं. भोळा हिशेब असा: विरघळलेला सगळा भाग कॅल्शियम कार्बोनेट. १०० ग्रॅम कार्बोनेट ७४ ग्रॅम विझवलेल्या चुन्यापासून होतं, म्हणून चुना ६.५ ग्रॅम, वाळू ११.२ ग्रॅम, वजनाने १ : १.७. गवंडी वजनाने नाही, पाटीने मोजतो. कोरड्या चुन्याची घनता ढोबळमानाने ०.६ आणि वाळूची १.५ धरली तर हेच प्रमाण तीन पाट्या चुन्याला जेमतेम दोन पाट्या वाळू असं येतं. पहिल्या कामात मी नेमकी ही चूक केली होती.

आता वायूचं वजन बघा. घट २.६४ ग्रॅम आहे. कार्बोनेटच्या १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम वायू निघतो, म्हणजे कार्बोनेट फक्त ६ ग्रॅम. विरघळलं मात्र ८.८. मधले २.८ ग्रॅम कुठून आले?

इथे दख्खनची वाळू बोलते. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं असतात. त्यातली नॅट्रोलाइट, स्कोलेसाइट ही आम्लात जेलीसारखी होतात, गाळणकागद तुंबतो आणि तुम्हाला वाटतं जलीय (पाण्याशी प्रक्रिया होऊन घट्ट होणाऱ्या) चुन्याचा सिलिका निघाला. बेसॉल्टमधली लोहयुक्त खनिजं द्रावण पिवळं-हिरवट करतात. म्हणून त्याच परिसरातल्या ओढ्याची धुतलेली वाळू २० ग्रॅम घ्या आणि तिच्यावर तोच प्रयोग करा. ती किती विरघळते, किती वायू सोडते (पोकळ्यांत कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटही असतं) ते कळलं की वाळूचा हिस्सा वजा करता येतो. जो फरक तरीही उरतो तो जलीय संयुगांचा, सुरखीच्या प्रक्रियेचा किंवा सल्फेटचा.

आपल्या उदाहरणात ते २.८ ग्रॅम सगळे वाळूचेच निघाले असं धरा. मग चुना ६ गुणिले ०.७४, म्हणजे ४.४४ ग्रॅम, वाळू १४ ग्रॅम. पाटीच्या भाषेत चार पाट्या चुन्याला पाच पाट्या वाळू. तीनाला दोन कुठे आणि चाराला पाच कुठे!

कोकणात मेख दुसरीकडे आहे. तिथे किनाऱ्याच्या वाळूतच शिंपल्याचा चुरा असतो, तो चुन्याबरोबर पूर्ण विरघळतो आणि वायूही तितकाच सोडतो. तिथे वरची युक्ती निकामी ठरते. प्रमाण काढायचं तर पातळ छेद करून कण मोजण्याला पर्याय नाही.

उरलेली वाळू ४.७५, २.३६, १.१८ मिलिमीटर आणि ६००, ३००, १५०, ७५ मायक्रॉनच्या चाळण्यांतून काढा. जुळता माल करताना हा आलेख चुन्याच्या प्रमाणाइतकाच मोलाचा. ७५ मायक्रॉनखालचं पीठ लाल असेल तर सुरखी किंवा जांभ्याचा चुरा. पिवळट चिकणमाती असेल तर कंकर नीट भाजला गेला नव्हता किंवा वाळू धुतली नव्हती.

प्रयोगशाळेकडून काय मागायचं

पैसे एकाच चाचणीपुरते असतील तर पातळ छेद मागा. तुकडा निळ्या रेझिनमध्ये बसवून ३० मायक्रॉन जाडीपर्यंत घासतात. पोकळ्या निळ्या दिसतात. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात हे रोजचं काम आहे. सुरखीच्या कणाभोवती प्रक्रियेची कड, न भाजलेली चुनखडी, क्लिंकर, शिंपला, मायक्रोक्रॅक हे सगळं एका काचेवर दिसतं.

एक्स-रे डिफ्रॅक्शन खनिजं सांगतं, प्रमाण फारसं विश्वासाने नाही. शिंपल्यातला अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं रूप) भाजल्यावर कॅल्साइट होतो. मालात अ‍ॅरागोनाइट उरलेला दिसला तर न भाजलेल्या शिंपल्याची शंका घ्यावी. पूर्ण माल न देता दोन नमुने द्या: टिपलेले खडे, आणि ७५ मायक्रॉनखालचं पीठ.

उष्णता-भार विश्लेषणात नमुना तापवत वजन मोजतात. १२० अंशांपर्यंत नुसती ओल जाते, २०० पर्यंत जिप्समसारख्या क्षारांचं पाणी, २०० ते ६०० मध्ये जलीय संयुगांत बांधलेलं पाणी, आणि ६०० च्या वर कार्बन डायऑक्साइड. शेवटच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर हा वर्गीकरणाचा चांगला आधार आहे. वायू बांधील पाण्याच्या दहापटीहून जास्त असेल तर साधा हवेवर घट्ट होणारा चुना. गुणोत्तर जसं उतरतं तशी जलीयता चढते. पण इथेही झिओलाइट आणि चिकणमाती आपलं पाणी मध्येच सोडतात. म्हणून परत तोच सल्ला, खडे द्या.

वर्गात बसवणे

नावं देताना मी तीन शब्दांची पट्टी लावते: काम, बांधणारा पदार्थ, भर. उदाहरणार्थ "जोडकाम, मंद जलीय कंकरचुना, ओढ्याची बेसॉल्ट वाळू". नुसतं "लाइम मॉर्टर" असं लिहिलेला अहवाल मी परत पाठवते.

बांधणाऱ्या पदार्थाचे गट साधारण असे पडतात. माती. जिप्सम. हवेवर घट्ट होणारा शुद्ध चुना. नैसर्गिक जलीय चुना. आपल्याकडे तो बहुधा कंकराचा, कारण काळ्या मातीतल्या आणि नदीकाठच्या कंकरात चिकणमाती मुळातच असते. साधा चुना अधिक सुरखी. आणि सिमेंट किंवा सिमेंट-चुन्याची भेसळ, बहुतेक वेळा दुरुस्तीची.

जलीयता किती, हे आकड्यात हवं असेल तर सिमेंटेशन इंडेक्स काढा. सिलिका गुणिले २.८, अ‍ॅल्युमिना गुणिले १.१ आणि लोह ऑक्साइड गुणिले ०.७ यांची बेरीज करा. तिला कॅल्शियम ऑक्साइड अधिक १.४ पट मॅग्नेशियम ऑक्साइड याने भागा. ०.३ ते ०.५ मंद, ०.५ ते ०.७ मध्यम, ०.७ ते १.१ तीव्र जलीय. यात भरायचे टक्के खड्यांच्या विश्लेषणाचे असले पाहिजेत. पूर्ण मालाचे टाकले तर वाळूतला सिलिका वर जाऊन बसतो आणि साधा चुनाही तीव्र जलीय ठरतो. असे अहवाल मी पाहिले आहेत. सुरखीच्या मालाला हा निर्देशांक लावूच नका, तिथे प्रक्रिया विटेच्या कणाच्या कडेला घडलेली असते.

बाजारात चुना घेताना भारतीय मानक ७१२ चे वर्ग उपयोगी पडतात: 'ए' तीव्र जलीय, 'बी' अर्धजलीय, 'सी' शुद्ध चुना, 'डी' मॅग्नेशियमयुक्त, 'ई' कंकराचा. जुन्या मालाला यातलं अक्षर थेट चिकटवू नका. मानक ताज्या चुन्यासाठी आहे.

प्रयोगशाळेतून भिंतीवर

अहवाल आला की तीन मिश्रणं करा: हिशेबाने आलेलं, त्यापेक्षा थोडा चुना कमी असलेलं, आणि थोडी सुरखी वाढवलेलं. नवा माल जुन्यापेक्षा कडक असता कामा नये. दगडापेक्षा दर्जा कडक झाला की पाणी दगडातून बाहेर पडतं आणि क्षार दगडाचंच तोंड फोडतात. जांभ्याला हे फार लवकर होतं. गोव्यात बॉम जेझू चर्चच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला गेला, आणि तेव्हापासून उघडा जांभा पावसात झिजतो आहे.

प्रत्येक मिश्रणाचा हातभर पट्टा आडबाजूच्या भिंतीवर भरा, आठवडाभर गोणपाट ओलं ठेवा, आणि निदान एक महिना, जमल्यास एक पावसाळा थांबा. त्या पेठेतल्या वाड्यात दुसऱ्या खेपेला आम्ही हेच केलं. तीन पट्ट्यांपैकी काकांनी एक निवडला, नख लावून. त्यांनी निवडला तोच वाळूचा हिस्सा वजा करून काढलेल्या प्रमाणाचा होता.

नमुन्याचा एक तृतीयांश भाग न तपासता, चिठ्ठीसह, घट्ट झाकणाच्या बाटलीत घरमालकाकडे ठेवा. आम्ही ती बाटली माळ्यावर, वाड्याच्या जुन्या नकाशाच्या नळकांड्याशेजारी ठेवली आहे.